जांभूळच्या मैदानात रोमवाले साहेब

ज्या माणसाचा पुढे मला हात धरायचा होता, त्याची मी पहिल्यांदा धरली ती कॉलर.

जांभूळच्या मैदानात बैलांच्या शर्यती होत्या. माघाचं ऊन, कापलेल्या खाचरांतून उडणारी माती, ताशाचा कडकडाट, वड्याच्या तेलाचा वास... आणि ऐन धावपट्टीच्या मधोमध एक माणूस उभा. पांढरी कापडी टोपी, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पाण्याची बाटली. तिकडे झेंडा पडला, दोन छकडे सुटले, लोक ओरडत बाजूला पांगले. आणि हा आपला उभा. मांडवात नवरी येताना बघावी तसा, तोंड उघडं टाकून.

मी धावले, मागून कॉलर धरली आणि खेचलं. दोघंही बांधावर आपटलो. छकडे समोरून गेले आणि आमच्या दोघांच्या तोंडात माती.

"मरायचं असेल तर आपल्या गावात मरा," मी बोलले. "इथे आमची शर्यत रद्द होते."

त्याने माती थुंकली, टोपी शोधली, झटकून डोक्यावर ठेवली. "माफ करा... मी रथ बघत होतो."

"रथ? छकडा म्हणतात त्याला."

"तेच हो. पण ती चाकं, ती धूळ, तो वर तोल सांभाळत हाकणारा... हुबेहूब रोम."

"हे रोम कुठं आलं? कर्जतच्या पुढं?"

तो हसला. काही माणसांचं हसू दातांत असतं. याचं आधी डोळ्यांत आलं, मग खाली उतरलं. मी बघितलं, आणि बघितलं हे त्याला कळू दिलं नाही.

त्याचं नाव दिनानाथ. अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर होता, आता रिटायर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी राजसी पुण्याला. लहानपणी कारखान्याच्या कॉलनीत पडदा लावून विलायती पिक्चर दाखवायचे, त्यात रोमन लोकांचे पिक्चर बघून याच्या डोक्यात जे रथ शिरले ते निघालेच नाहीत. जांभूळला खरीखुरी शर्यत असते असं ऐकलं आणि आला टोपी घालून.

मी बनूबाई. बदलापूर गावात घर, चौथीपर्यंत शाळा. मालक गेले तेव्हा संतोष एवढासा होता. त्याला मी वाढवला, शेत राखलं, आणि सगळ्या पंचक्रोशीत नाव काढेल असा बैल तयार केला. त्याचं नाव वकील. समोरच्याकडे आधी टक लावून बघतो आणि मग जे करायचं तेच करतो, म्हणून.

"हात लावू का याला?" दिनानाथने विचारलं.

"लावा. विमा आहे ना?"

त्याने हात पुढे केला. वकील त्याच्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिला... आणि मग असा शिंकला की इस्त्रीचा शर्ट कॉलरपासून पोटापर्यंत भिजला. मला वाटलं, आता हा नाकाला रुमाल लावून पळणार.

"रोमन सम्राटाचं स्वागत फुलांनी करायचे," तो शर्टाकडे बघत म्हणाला. "बदलापूरची पद्धत वेगळी दिसते."

"सम्राटांसाठी वेगळी आहे," मी बोलले. "ही पाहुण्यांसाठी."

* * *

पुढच्या आठवड्यात तो आमच्या गोठ्यापाशी हजर. म्हणे, सराव बघायचाय. उल्हास नदीच्या काठी राजू, माझा पुतण्या, वकीलला घेऊन जातो. तोच आमचा छकडा हाकतो. मी तिथं दगडावर बसते आणि चुका काढते. आता माझ्या दगडाशेजारच्या दगडावर हा बसायला लागला.

"त्यांच्याकडे एका रथाला चार घोडे," तो सांगायचा. "आणि राजा वरून हातरुमाल टाकतो. रुमाल पडला की शर्यत सुरू."

"मग तो उचलतो कोण?"

"कोण काय?"

"रुमाल. राजाचा रुमाल मातीत पडला तर कोणीतरी धुतला असेल ना. ते नाय दाखवत पिक्चरमध्ये."

"नाही दाखवत," तो गंभीरपणे म्हणायचा. "पुढच्या वेळी लक्ष ठेवतो."

मी पण त्याला आमचं सांगायचे. छकड्याला दोन बैल लागतात, आणि बहुतेक वेळा ते दोन मालकांचे असतात. एकाने आपला बैल आणायचा, दुसऱ्याने आपला, आणि एका जुवाखाली जुंपायचे. याला पैरा म्हणतात. त्याला कागद नसतो, सही नसते. तोंडाने दिलेला शब्द. वकीलचा पैरा जांभूळच्या महिपतीच्या शंभूशी. महिपती म्हणजे आमच्या मालकांचा जिवाभावाचा मित्र, मला वहिनी म्हणतो.

"आणि दोन बैलांचं पटलं नाही तर?" दिनानाथने विचारलं.

"पटतं. एकमेकांचं पाऊल कळायला वेळ लागतो, एवढंच. एक जरा पुढं ओढतो, दुसरा जरा मागं राहतो..."

"आपल्यातला पुढे ओढणारा कोण?"

मी नदीकडे बघितलं. "राजू, बैलाला पाणी पाज," मी हाक मारली. राजू म्हणाला, आत्ताच तर पाजलं, काकी. दिनानाथ बाटलीचं झाकण लावत होता, पण त्याचे खांदे हलत होते.

* * *

दर रविवारी दुपारी तो आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये ते जुने पिक्चर लावायचा. एक पांढरं कापड भिंतीला बांधायचं, मशीन लावायचं आणि बाजूला उभं राहून इंग्रजी बोलणं मराठीत सांगायचं. त्याने मला बोलावलं. मी सून किर्तीला सोबत घेऊन गेले.

"आई, ही साडी तर संतोषच्या साखरपुड्याची," रिक्षात किर्ती म्हणाली.

"कपाटात वास धरलाय तिने. हवा लागू दे."

"हो ना. अंबरनाथची हवा चांगलीच असते," ती बाहेर बघत म्हणाली. एमआयडीसीच्या धुराने डोळे चुरचुरत होते.

हॉलमध्ये सगळी पेन्शनीतली मंडळी. पडद्यावर रोमचा सेनापती काहीतरी दोन शब्द बोलला, आणि दिनानाथने चांगलं लांबलचक सांगितलं... की बाई गं, मी लढाया जिंकल्या, पण तुझ्या दारात उभं राहिलो की मला माझंच नाव आठवत नाही.

"एवढं नाय बोलला तो," मी बसल्या जागेवरून बोलले.

"मनात बोलला," दिनानाथ म्हणाला. बोलताना पडद्याकडे बघत नव्हता.

मग रथांची शर्यत आली. काय सांगू... चाकाला चाक घासत होतं, घोडे फेसाळलेले, वळणावर एकाने दुसऱ्याला दाबलं. मला कुठं बसलेय तेच कळेना. मी उठून उभी राहिले आणि पोटातून आरोळी निघाली, "हुर्रर्र... आतल्याला दाब, आतल्याला!"

सगळा हॉल वळला. कोणीतरी हसलं. किर्तीने पदर ओढला. माझे कान तापले. आपल्या मैदानात मी राणी आहे, इथं साडी नेसून आलेली अडाणी बाई झाले.

दिनानाथने मशीन थांबवलं. कोणाकडे न बघता मला विचारलं, "पुन्हा लावू?"

मी मान ताठ केली. "लावा."

त्याने शर्यत पुन्हा लावली. या वेळी मी बसूनच ओरडले, आणि मागच्या रांगेतले एक आजोबा पण ओरडले.

* * *

कापड जुनं झालं, पडद्यावर रोमच्या राणीच्या गालावर डाग दिसतो, म्हणून नवं घ्यायचं ठरलं. कापड घ्यायचं तर उल्हासनगर, आणि उल्हासनगरात घासाघीस करायची तर मी. हा माणूस दुकानदाराने सांगितलं ते मान हलवून देणारा.

सिंधी शेठने कापडाची ठाणंच्या ठाणं उलगडली. मी चिमटीत धरून बघितली, नाकं मुरडली, दोनदा पायरी उतरले, दोनदा शेठने परत बोलावलं. शेवटी तो घाम पुसत दिनानाथकडे वळला.

"साईं, भाभीजी को समझाओ ना. घर में भी ऐसाच करती है?"

मी दिनानाथकडे बघितलं. आता हा सांगेल, भाभीजी नाहीत या. सांगायलाच पाहिजे. त्याने तोंड उघडलं... मिटलं. चष्मा काढला, पुसला.

"घर में तो इससे भी जास्ती," तो म्हणाला.

शेठ हसला, कापड फाडलं. मीही ते खोडलं नाही. पिशवी त्याने घेतली, एक बंद माझ्या हातात दिला. एक बंद त्याच्याकडे, एक माझ्याकडे, मधे ते कापड. विठ्ठलवाडी स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो. रिक्षावाले विचारत होते, कोणालाच उत्तर दिलं नाही.

त्या नव्या कापडावर पहिला पिक्चर लागला तो नव्या देवाच्या माणसांचा. रोमच्या राजाचा हुकूम होता की तो देव मानायचा नाही. मग मानणारे जमिनीखालच्या भुयारात दिवे घेऊन भेटायचे. एकाने मातीत अर्ध्या माशाची रेघ ओढायची, समोरचा आपला असेल तर तो दुसरी रेघ ओढून मासा पुरा करणार. त्यात एक कुंभाराची मुलगी होती. पकडली तिला. राजा तिला म्हणाला, भुयारात तू काय मानायचं ते मान, मला काही नाही. फक्त इथं, लोकांसमोर, नाही म्हण. तेवढ्यावर सोडतो.

ती म्हणाली, हो, मानते मी. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

त्या संध्याकाळी दिनानाथ मला सोडायला बदलापूरपर्यंत आला. गोठ्यापाशी उभा राहिला, जाईना. मग उन्हासाठी आणलेल्या छत्रीच्या टोकाने मातीत एक वाकडी रेघ ओढली आणि माझ्याकडे बघितलं.

"हा काय, बोंबील?" मी विचारलं.

"अर्धा."

"अर्धा बोंबील आमच्यात मांजरीला टाकतात. जा आता, रिक्षा मिळणार नाय."

गेला बिचारा. सकाळी किर्ती शेण काढायला गेली आणि परत आली ती ओठ दाबून.

"आई, गोठ्याबाहेर दोन रेघांचा मासा कोणी काढलाय?"

"मला काय माहीत," मी बोलले. "पाणी मार त्यावर."

तिने पाणी मारलं नाही. टोपली आणून त्यावर पालथी घातली, पुसला जाऊ नये म्हणून.

* * *

गावाला डोळे असतात, आणि ज्याला स्वतःच्या घरात बघायला काही नसतं त्याचे जास्त चालतात. आधी नळावर कुजबुज, मग किराणा दुकानात. मग एक दिवस महिपती ओटीवर येऊन बसला. पाणी दिलं, प्यायला नाही.

"वहिनी, त्या अंबरनाथवाल्याचं काय चाललंय?"

"पिक्चर दाखवतो. तुम्ही पण या."

"हसण्यावारी नका नेऊ. आमचा मित्र गेला तेव्हा मी त्याला शब्द दिलेला, तुमच्या घराकडे लक्ष ठेवीन. माझी पोरं म्हणतात, त्या घराच्या बैलाशेजारी आता आपला बैल नको. जांभूळच्या पुढच्या मैदानाआधी हे बंद करा, नायतर पैरा राहणार नाय."

तो गेला आणि संतोष सुरू झाला. माझा मुलगा वाईट नाही. पण बापाविना वाढलेला मुलगा लोकांच्या तोंडाकडे बघून मोठा होतो, ती सवय लागलेली.

"आई, या वयात... लोक मला विचारतात. मी काय सांगू?"

"सांग, आईला विचारा. मी घरीच असते."

"असते कुठं? दर रविवारी अंबरनाथला असते." तो हात जोडून उभा राहिला. "बाबांचं घर आहे हे. इथं तो माणूस नको. तुला त्याच्याकडे जायचं असेल तर... मग तू तुझी मोकळी."

मोकळी. म्हणजे घर सोड, गोठा सोड, मैदानात जे नाव घेतात ते सोड. मला तो माणूस हवा होता. आणि माझं घर, माझा बैल, माझं नावही हवं होतं. एक हातात देऊन दुसरं काढून घ्यायचं, हा व्यापार मला मान्य नव्हता. पण ते मी तेव्हा बोलले नाही, कारण बोलून काय होतं. करावं लागतं.

पुढच्या रविवारी दिनानाथचा फोन आला. आवाज धुतलेल्या कपड्यासारखा पिळलेला.

"बनूबाई... मला कळलं सगळं. तुमच्या घरात माझ्यामुळे भांडण नको. मी आता येत नाही. फार तर स्टेशनच्या पलीकडे एक हॉटेल आहे, तिथे कोणी ओळखीचं नसतं. कधीतरी चहा..."

मी फोन ठेवला. चपला घातल्या. किर्तीने न विचारता माझ्या हातात पर्स दिली.

* * *

अंबरनाथला दिनानाथने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात ते पडद्याचं कापड होतं, अर्धं जमिनीवर लोळत. त्या दिवशी पिक्चर लावलाच नव्हता त्याने.

"एकट्याने घडी होत नाही याची," तो ओशाळून म्हणाला.

"द्या इकडं."

मी दोन टोकं धरली, त्याने दोन. साडीची घडी घालतात तशी. ताणून धरलं, झटकलं. हा खोलीच्या त्या भिंतीला, मी या भिंतीला.

"भुयारात चहा पाजणार होतात मला?" मी विचारलं.

"तसं नाही..."

"तसंच. दर रविवारी लोकांना रोम दाखवता. लोक सिंहासमोर उभे राहतात, आणि तुम्ही त्याचं मराठी करता. इथं तर नुसता महिपती आहे. त्याला दात पण कमी आहेत."

एक घडी झाली. तो दोन पावलं पुढे आला, मी दोन.

"मला माझी भीती नाही," तो म्हणाला. "तुमचं सगळं तिथे आहे. मुलगा, सून, वकील. माझ्यासाठी ते जायला नको. माझ्याकडे देण्यासारखं काय आहे? दोन खोल्या, आणि जुने पिक्चर."

"मी मागितलं का काही?"

दुसरी घडी. आता त्याच्या चष्म्यात मला खिडकी दिसत होती.

"राजसीला मी सांगितलं," तो खाली बघत म्हणाला. "तुमच्याबद्दल."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबा, मला कशाला सांगताय, आधी त्यांना सांगा."

"मग?"

"मग... तेच राहिलंय."

तिसरी घडी घालताना दोघांच्या हातात चारही टोकं आली आणि बोटं बोटांवर. त्याची बोटं थंड होती. पंखा नव्हता चालू.

"बनूबाई, मला तुम्ही आवडता. तुम्ही कॉलर धरून खेचलंत ना... त्यानंतर मी पुन्हा उभा राहिलोच नाही नीट."

मी कापडाची टोकं घट्ट धरली. या वयात रडले असते तर त्याने चहा करायला पळ काढला असता.

"ऐका," मी बोलले. "मी विचारायला नाय आले. सांगायला आले. पुढच्या रविवारी पिक्चर बंद. जांभूळला शर्यत आहे, तुम्ही यायचं. लांबून नाय. माझ्याशेजारी."

"आणि महिपतीने पैरा मोडला तर?"

"ते त्याने बघावं. तुम्ही टोपी घालून या."

* * *

महिपतीने मोडला. सकाळी मैदानात पोचलो, वकीलला सजवला, शिंगांना रंग, पाठीवर झूल. शंभूचा पत्ता नाही. मग महिपतीचा थोरला आला आणि लांबूनच म्हणाला, आमचा बैल पळणार नाय. राजू छकड्याचं जू हातात घेऊन उभा. जुवाची एक बाजू वकीलसाठी, दुसरी रिकामी.

संतोष माझ्याजवळ आला. "बघितलंस आई? हेच सांगत होतो. चल, घरी जाऊ. अजून कोणाला काही कळलं नाय."

दिनानाथ माझ्या दुसऱ्या बाजूला उभा होता, टोपी घालून. त्याचा चेहरा कापडासारखा पांढरा झालेला. "मी जातो," तो हळूच म्हणाला. "मी गेलो तर ते बैल आणतील."

"जागचे हलू नका," मी बोलले.

आणि मंडपाकडे चालायला लागले. माइकवाला बैलांची नावं पुकारत होता. मला बघून त्याने जागा दिली. त्या मैदानात मला कोण ओळखत नाही? मी माइक हातात घेतला. तो खरखरला, मग सगळीकडे शांतता. एवढी माणसं, आणि ताशावाल्यानेही काड्या थांबवल्या.

"मी बनूबाई, बदलापूर गाव," मी बोलले. माझाच आवाज लांबच्या भोंग्यातून परत माझ्याकडे येत होता. "माझा वकील आज पळायला उभा आहे. त्याचा पैरा मोडलाय. का मोडला, ते तुम्ही दुसऱ्याच्या तोंडून ऐकाल, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका. ते तिथं पांढऱ्या टोपीत उभे आहेत ते दिनानाथ, अंबरनाथचे. मी त्यांच्याशी लग्न करणार आहे. लपून नाय. माझ्या घरातून, माझ्या माणसांसमोर. घर माझं आहे, मी सोडणार नाय. बैल माझा आहे, मी विकणार नाय. आता हे ऐकून ज्याला माझ्या बैलाशेजारी आपला बैल जुंपायचा असेल त्याने आणावा. नसेल आणायचा तर वकील परत जाईल. पण मान खाली घालून नाय जाणार."

माइक ठेवला. माघारी चालत आले. ते अंतर मला नदीएवढं वाटलं. माणसं बाजूला होत होती. संतोष जागेवर नव्हता. माझ्याकडे पाठ करून आमच्या टेम्पोकडे चालत जाताना दिसला. एवढं एकच बघवेना.

दिनानाथने टोपी काढून हातात घेतली होती. "तुम्ही... सगळ्यांसमोर..."

"मराठीत बोलले ना? मग भाषांतर नको करू." एकेरी कधी आलं ते कळलंच नाही. त्यालाही कळलं नसावं, किंवा फारच कळलं असावं, कारण तो लाल झाला.

वेळ गेला. दुसऱ्या जोड्या पळून आल्या. राजूने जू खाली ठेवलं. मी वकीलच्या शिंगांवरून हात फिरवत होते, आणि तो नेहमीसारखा टक लावून बघत होता. मग त्याने कान टवकारले.

महिपती येत होता. शंभूची वेसण स्वतः धरून. मागून दोन्ही मुलगे काहीतरी सांगत होते, तो ऐकत नव्हता. आला, राजूला म्हणाला, "जू उचल."

"महिपती भाऊजी," मी बोलले.

"शब्द मी दिला होता, पोरांनी नाय," तो जुवाकडेच बघत म्हणाला. "एवढ्या लोकांत तुम्ही पैऱ्याचं नाव घेतलंत. आता मी बैल नाय आणला तर महिपतीचा शब्द गेला." मग दिनानाथकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "पण सांगून ठेवतो, वहिनी. हा माणूस मला पसंत नाय."

"लग्न तुम्हाला नाय करायचं, भाऊजी."

आजूबाजूची माणसं हसली. महिपतीने हसू दाबायला शंभूच्या मानेत तोंड घातलं.

झेंडा पडला. छकडा सुटला. राजू वर, खाली धूळ, वकील आणि शंभू एका पावलाने. मी ओरडले, दिनानाथ ओरडला, तो काहीतरी रोमन भाषेत ओरडत होता, देव जाणे काय. समोर वांगणीची जोडी होती. अर्ध्यापर्यंत आम्ही पुढे. मग बरोबरीने. मग...

हरलो. थोडक्याने, पण हरलो. तिकडे गुलाल उधळला, ताशा त्यांच्याकडे गेला.

मला हरणं जमत नाही. मी बांधावर जाऊन बसले. दिनानाथ शेजारी येऊन बसला. टोपीवरची धूळ झटकली. मग चाचरत...

"रोममध्ये हरलेल्यालाही लोक..."

"रोमचं आता नाव काढू नका."

"बरं." मग अगदी हळू, "ते... लग्नाचं मात्र अजून आहे ना?"

मी वळून बघितलं. धुळीने भरलेला चष्मा, कपाळावर टोपीचा वळ, आणि त्या दोन डोळ्यांत एवढी काळजी, की शर्यत माझ्या मनातून उतरली.

"बैल हरला," मी बोलले. "मी नाय हरले." आणि त्याचा हात धरला. भर उन्हात, भर मैदानात. तो सोडवत नव्हता. मीही सोडणार नव्हते.

टेम्पोचा हॉर्न वाजला. संतोष वकीलला न्यायला आला होता. फळी लावली, राजूच्या मदतीने वकीलला वर चढवलं, दोरी बांधली. आमच्याकडे एकदाही बघितलं नाही. मी उठले. जे काही ऐकायचं असेल ते उभ्याने ऐकायचं, बसून नाही.

तो पुढे आला. डोळे लाल होते, धुळीने की कशाने ते मी विचारलं नाही.

"माइकवर सांगायच्या आधी मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तू ऐकत नव्हतास."

"आता ऐकलं. सगळ्या गावाने ऐकलं." त्याने टेम्पोकडे बघितलं, मग बुटांकडे, मग दिनानाथकडे. टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी दोघंच बसतात. येताना एका जागेवर तो होता, एका जागेवर मी.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही पुढे बसा, आईशेजारी. मी मागे वकीलजवळ उभा राहतो. किर्तीला फोन केलाय, एका माणसाचा भात जास्त टाकेल."

दिनानाथने मान हलवली, आणि दार उघडून अदबीने बाजूला झाला, की मी आधी चढावं.

"तुम्ही चढा," मी बोलले. "मधे बसा. खिडकीची जागा माझी."